स्वतःलाच प्रश्न विचारणारं सूत्र

शिवलेलं नेहरू जॅकेट, किंमत करासकट २,८०० रुपये. यात जीएसटी किती?

प्रश्न सहावीच्या शेकडेवारीतला वाटतो. २२ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेला नियमही साधा आहे. तयार कपड्याच्या एका नगाचं विक्रीमूल्य २,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. विक्रीमूल्य म्हणजे कर मिळवण्याआधीची रक्कम. आता आकडेमोड करून पाहा. कर ५ टक्के धरला तर २,८०० भागिले १.०५, म्हणजे मूळ किंमत २,६६६ रुपये ६७ पैसे. ती अडीच हजारांच्या वर गेली, तेव्हा ५ टक्के चालणार नाहीत, १८ धरा. १८ धरले की मूळ किंमत २,३७२ रुपये ८८ पैसे. ती अडीच हजारांच्या आत आली, तेव्हा १८ चालणार नाहीत, ५ धरा. फिरून आपण होतो तिथेच.

तुमचं काही चुकलेलं नाही. या गणिताला उत्तरच नाही. मूळ किंमत बरोबर २,५०० असेल तर करासकट २,६२५ रुपये होतात. तीत एक पैसा वाढला की करासकट किंमत थेट २,९५०च्या पलीकडे जाते. मधल्या सव्वातीनशे रुपयांच्या पट्ट्यात करासकट किंमत ठेवाल, तर नियमाशी जुळणारी मूळ किंमत सापडतच नाही. गल्ल्यावर बसलेला दुकानदार यावर फार विचार करत नाही, जॅकेटावर २,५९९ची चिठ्ठी लावतो आणि मोकळा होतो. पण ऑनलाइन विक्रीत हजारो वस्तूंच्या किमती कोणी बसून लावत नसतं. त्या कॅटलॉगमधली सूत्रं लावतात, आणि सूत्राला अडचण कळत नाही.

हा कॅटलॉग म्हणजे वस्तूंची भलीमोठी वही. प्रत्येक वस्तूला एक ओळ आणि तिच्यापुढे रकाने: ब्रँड, रंग, माप, वजन, लांबी-रुंदी-उंची, खरेदी किंमत, कराचा एचएसएन कोड. हे रकाने कोणीतरी मोजून किंवा पाहून भरतं. त्यांच्या शेजारी दुसऱ्या जातीचे रकाने असतात. ते कोणी भरत नाही, ते आपोआप भरले जातात. करासकट किंमत, ‘३५ टक्के सूट’ ही लाल पट्टी, ग्रॅममागे पडणारी किंमत, कुरिअरचं आकारणी-वजन, इतकंच काय, ‘कॉटन कुर्ता, निळा, एक्सएल’ हे शीर्षकसुद्धा. अधूनमधून शीर्षकातच ‘नल’ असा शब्द लिहिलेला दिसतो ना? तिथे कोणीतरी रंगाचा रकाना रिकामा ठेवलेला असतो आणि सूत्राने तो रिकामेपणा इमानेइतबारे छापलेला असतो.

कुरिअरच्या वजनाचं सूत्र पाहण्यासारखं आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक कुरिअरवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे ५,०००ने भागायचं. येणारा आकडा आणि खरं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. ६० बाय ४० बाय २०च्या खोक्यातली किलोभराची उशी या हिशेबाने ९.६ किलोची ठरते. कापसाच्या धंद्यात नवा असलेला विक्रेता पहिल्या महिन्याचं बिल पाहून हबकतो, तो यामुळेच.

आकडा लिहून ठेवण्यापेक्षा सूत्राने काढावा, यामागे एक जुना विचार आहे. आयबीएममधले गणिती एडगर कॉड यांनी १९७०मध्ये माहितीच्या मोठ्या साठ्यांची मांडणी कशी असावी यावर एक निबंध लिहिला. आजचे बहुतेक डेटाबेस त्या पायावर उभे आहेत. त्यांनी दाखवलेला एक धोका असा, की जी माहिती दुसऱ्या माहितीवरून काढता येते तीही वेगळी साठवली, तर आज ना उद्या दोन्हींत विसंगती येते. वजन बदललं, पण वजनावरून काढलेला दर बदलायचा राहिला, की वहीच वहीशी भांडू लागते.

त्या सप्टेंबरातल्या बदलाने ही गोष्ट अनेक विक्रेत्यांना एका रात्रीत शिकवली. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. ज्यांच्या कॅटलॉगमध्ये कराचे दर एका तक्त्यात आणि किंमत सूत्रात होती, त्यांना तक्त्यातल्या ओळी बदलणं पुरलं. ज्यांनी प्रत्येक वस्तूपुढे किंमत टाइप केली होती, त्यांना वस्तू मोजत बसावं लागलं. इथे एक हमखास फसवणारं गणितही आहे. कर १३ टक्क्यांनी घटला, म्हणून १०० रुपयांचा शाम्पू ८७ रुपयांना मिळायला हवा, असं वाटतं. तसं नाही. १०० रुपयांतली मूळ किंमत ८४ रुपये ७५ पैसे, तिच्यावर ५ टक्के चढवले की ८८ रुपये ९८ पैसे. घट ११ टक्क्यांची. अठराच्या जागी पाच आले, पण ते शंभरावर नव्हतेच कधी.

सूत्रं एकमेकांवर अवलंबून असतात, हा पुढचा गुंता. सवलत काढायला विक्री किंमत हवी, विक्री किमतीला कर हवा, कराला एचएसएन कोड हवा. कोणता रकाना आधी सोडवायचा? १९७९मध्ये ॲपल टू संगणकावर डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क आलं आणि हिशेबाच्या कागदाचं नशीब पालटलं. पण ते आकडे ओळीमागून ओळ किंवा रकान्यामागून रकाना अशाच क्रमाने मोजत असे. एखादं सूत्र पुढच्या रकान्याकडे बोट दाखवत असेल तर जुनाच आकडा उचलला जाई आणि पुन्हा एकदा मोजायला लावावं लागे.

गंमत म्हणजे यावरचा तोडगा दहा वर्षं आधीच निघालेला होता. रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी १९६९मध्ये लॅनपार नावाची प्रणाली लिहिली. सूत्रं कोणत्याही क्रमाने लिहा, कोण कोणावर अवलंबून आहे ते संगणक शोधेल आणि योग्य क्रमाने मोजेल. बेल कॅनडा आणि एटी अँड टीसारख्या कंपन्या तिच्यावर अंदाजपत्रकं करत. पेटंटचा अर्ज १९७०चा. पेटंट कार्यालयाने तो नाकारला, वाद कोर्टात गेला, १९८२मध्ये निकाल शोधकांच्या बाजूने लागला आणि १९८३मध्ये पेटंट हाती आलं. तोवर बाजारात दुसऱ्यांचंच राज्य होतं.

क्रम लावायची युक्ती मात्र समजायला सोपी आहे. आर्थर कान यांनी ती १९६२मध्ये मांडली. ज्या रकान्यांना कोणाचीच गरज नाही ते आधी सोडवा आणि यादीतून काढून टाका. आता ज्यांची गरज भागली ते सोडवा, काढून टाका. असं करत यादी संपली की क्रम मिळाला. आणि यादीत रकाने शिल्लक आहेत, पण सोडवता येईल असा एकही नाही, अशी वेळ आली तर? तर त्यात चक्र आहे. कुठलं तरी सूत्र फिरून फिरून स्वतःलाच प्रश्न विचारतं आहे.

माझ्या मते या विषयातली खरी मजा आणि खरा धोका या चक्रांत आहे. कारण सगळी चक्रं सारखी नसतात.

काही निरुपद्रवी असतात. गोडा मसाल्याच्या पाकिटामागे तुमच्या हाती ३४० रुपये यायला हवेत आणि वेबसाइट विक्री किमतीच्या १५ टक्के कमिशन घेते असं धरा. कमिशन किमतीवर ठरतं आणि किंमत कमिशनवर. घाईत ३४०चे १५ टक्के, म्हणजे ५१ रुपये मिळवून ३९१ला पाकीट लावलं, तर वेबसाइट ३९१च्या हिशेबाने ५८ रुपये ६५ पैसे कापते आणि हाती ३३२ रुपये ३५ पैसे येतात. दर पाकिटामागे साडेसात रुपयांहून जास्त खड्डा. बीजगणिताने हे चक्र चुटकीसरशी सुटतं. ३४० भागिले ०.८५, बरोबर ४०० रुपये. इथे मिळवायचं नसतं, भागायचं असतं.

दुसरी जात भरकटणाऱ्या चक्रांची. एप्रिल २०११मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले जीवशास्त्रज्ञ मायकेल आयझेन यांच्या प्रयोगशाळेला पीटर लॉरेन्स यांचं ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे पुस्तक हवं होतं. माशीच्या गर्भाच्या वाढीवरचं हे पुस्तक १९९२चं आणि तेव्हा छपाईत नसलेलं. ॲमेझॉनवर दोन विक्रेत्यांकडे कोऱ्या प्रती होत्या आणि त्यांच्या किमती दहा लाख डॉलरच्या पुढे गेलेल्या होत्या. आयझेन रोज आकडे टिपत गेले. एकाचं सूत्र होतं, समोरच्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट. म्हणजे किंचित स्वस्त, गिऱ्हाईक आपल्याकडे यावं म्हणून. दुसऱ्याचं सूत्र होतं, पहिल्याच्या १.२७०५८९ पट. आयझेन यांचा तर्क असा, की या दुसऱ्याकडे पुस्तक नसावंच. मागणी आली तर पहिल्याकडून घेऊन नफ्यासह पाठवायचं, हा त्याचा बेत असावा.

दोन्ही सूत्रं सुटी घेतली तर शहाणी आहेत. एकत्र आली की प्रत्येक फेरीत किंमत सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. ३५ डॉलरपासून सुरुवात धरली तरी साठ फेऱ्यांच्या आत ती कोटींत जाते. १८ एप्रिलला ती २ कोटी ३६ लाख ९८ हजार ६५५ डॉलर ९३ सेंट झाली. शिवाय टपालखर्च ३ डॉलर ९९ सेंट. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं आणि एका विक्रेत्याची किंमत १०६ डॉलर २३ सेंटवर उतरली.

तिसरं चक्र काळात पसरलेलं असतं, म्हणून ते चटकन दिसत नाही. व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२मध्ये १,००० अंकांपासून नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर जुन्या आकड्यात बदल करून नवा आकडा काढायचा आणि दशांशानंतरचे तीन अंक ठेवून बाकीचे छाटायचे. छाटलेला आकडाच पुढच्या फेरीचा पाया. एका वेळी जाणारा भाग हजारांशाहूनही कमी, पण फेऱ्या दिवसाला हजारो. नोव्हेंबर १९८३मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता. दुरुस्ती केली तेव्हा खरा आकडा १,०९८.८९२ निघाला. कॅटलॉगमध्येही हेच घडतं. आधीच पूर्णांकात आणलेल्या किमतीवर सवलत, त्या सवलतीवर पुन्हा पूर्णांक, त्यावर कर. पूर्णांक करायचा तो एकदाच आणि शेवटी.

आणि चौथी जात ज्याला उत्तरच नाही त्या जॅकेटाची. एक्सेल अशा चक्राबद्दल इशारा देतं. पण त्यात फेऱ्या मारून उत्तर शोधण्याची सोयही आहे आणि ती सुरू केली की नेहमीच्या मांडणीत १०० फेऱ्यांनंतर ते थांबतं. जॅकेटाचं सूत्र एका फेरीत ५ टक्के म्हणतं, पुढच्या फेरीत १८. शंभराव्या फेरीला जो आकडा हाती असेल तो खान्यात बसतो. दिसायला इतर आकड्यांसारखाच, दोन दशांश स्थळांपर्यंत नीटनेटका. त्यावरून बिल निघतं आणि विवरणपत्रही भरलं जातं.

म्हणून अशा जागी सॉफ्टवेअरने आकडा देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खाना रिकामा ठेवावा, लाल करावा, माणसाला हाक मारावी. रिकामा खाना नामुष्की वाटतो म्हणून बनवणारे तिथे काहीतरी भरतात, शून्य तरी टाकतात. शून्य वजनाची वस्तू मग कुरिअरच्या हिशेबात फुकट जाते.

सूत्रात शिरणारा मूळ आकडाही तपासलेला बरा. खाद्यतेलाचंच घ्या. लिटरवरून ग्रॅम काढणं म्हणजे घनतेने गुणणं, पण तेल तापलं की फुगतं. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये तेल उत्पादकांना पाकिटावर तापमानाचा उल्लेख न करता वजनही छापायला सांगितलं, तेव्हा दिलेलं उदाहरण बोलकं आहे: सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. सूत्र तेच, लिटर तोच आणि तेल मात्र २६ ग्रॅम कमी.

घरगुती मसाले, लोणची, शिवलेले कपडे ऑनलाइन विकणारे बचत गट आणि लहान उद्योजक आज आपला कॅटलॉग बहुधा एक्सेलमध्येच ठेवतात. त्यांना एवढंच सांगणं आहे: कराचा दर कुठल्याही सूत्रात टाइप करू नका, तो एका वेगळ्या खान्यात ठेवा आणि सगळी सूत्रं तिथून दर उचलू द्या. प्रत्येक किमतीला खालची आणि वरची मर्यादा घाला, म्हणजे सूत्र बिघडलं तरी पाकीट एक रुपयाला किंवा एक लाखाला जाणार नाही. कपडे विकत असाल तर करासकट २,६२५ ते २,९५० या पट्ट्यातली किंमत टाळा. आणि दर बदलला की यादी वेबसाइटवर चढवण्याआधी त्यातल्या दहा वस्तूंचा ताळा साध्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा.