माइल्ड हायब्रिड : वाया जाणाऱ्या ऊर्जेचा हिशेब

अमरावतीच्या राजकमल चौकात वाहनांची रांग खोळंबते, तेव्हा उभ्या मोटारीचे इंजिन इंधन जाळीतच राहते. रांग सुटते, गाडी वेग घेते आणि पुढच्या वळणावर ब्रेक लागताच तो वेग उष्णतारूपाने हवेत विरून जातो. हा दुहेरी अपव्यय काही अंशी वाचविणारे तंत्र म्हणजे ‘माइल्ड हायब्रिड’.

साध्या मोटारीतील विद्युत्‌यंत्रणा 12 व्होल्टची असते. मारुतीच्या अर्टिगासारख्या कुटुंबाच्या गाडीत माइल्ड हायब्रिडही तेवढ्यावरच चालते. महागड्या गाड्यांत मात्र 48 व्होल्टची जोड असते. व्होल्ट चौपट झाल्याने तेवढ्याच विद्युत्‌प्रवाहातून चौपट शक्ती मिळते. या यंत्रणेत इंजिन सुरू करणारी मोटर आणि वीज निर्माण करणारा जनित्र ही दोन्ही कामे एकच यंत्र करते. वेग कमी होताना ते वीज साठविते आणि गाडी पुढे निघताना तीच वीज इंजिनाच्या मदतीला देते.

पुण्याजवळील चाकण येथे जुळणी होणारी मर्सिडीजची सी-क्लास मे 2022 मध्ये नव्या रूपात भारतात आली, ती याच तंत्रासह. तिचे हे यंत्र क्षणभर 20 अश्वशक्तीची भर घालते. नोव्हेंबर 2023 मध्ये आयात होऊन आलेली एएमजी सी 43 याहून पुढे गेली. एरवी इंजिनाच्या धुराच्या झोताने टर्बो फिरू लागेपर्यंत किंचित विलंब होतो. या गाडीत टर्बोच्या दांड्यावरच सुमारे 4 सेंटिमीटर जाडीची विद्युत्‌मोटर बसविली असून 48 व्होल्टची वीज तिला आधीच गती देते. त्यामुळे दोन लिटरच्या, चार सिलिंडरांच्या इंजिनातून 408 अश्वशक्ती मिळते.

ही किमया खरी. तथापि ‘हायब्रिड’ या शब्दाने भुलू नये. बॅटरी लहान असल्याने ही गाडी केवळ विजेवर मार्ग कापीत नाही. केंद्र सरकारने ‘फेम’ योजनेतील सवलत 2017 च्या एप्रिलपासून माइल्ड हायब्रिड मोटारींना देणे थांबविले, हेही ध्यानी असावे.

वऱ्हाडापुरता विचार केला तर हिशेब अधिक स्पष्ट होतो. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटरचा पट्टा 105 तास 33 मिनिटांत तयार करून विश्वविक्रम नोंदविला गेला. अशा सरळ रस्त्यावर ब्रेक क्वचितच लागतो. मग साठवायला ऊर्जा येणार कोठून? वैशाखात अकोल्याचा पारा 45 अंशांकडे झुकतो, तेव्हा गाडीतील गारवा टिकविण्यासाठी थांब्यावरही इंजिन बहुधा चालूच राहते. म्हणजे बचतीची एक वाट उन्हाळ्यात बंद होते.

म्हणून गाडी घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : यंत्रणा 12 व्होल्टची की 48 व्होल्टची, तिच्या बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि ती बदलण्याचा खर्च किती? रोजचा प्रवास गावातल्या गर्दीचा असेल तर हे तंत्र लाभाचे. वरचेवर नागपूर-पुण्याच्या लांब वाऱ्या करणाऱ्याने मात्र केवळ या नावासाठी अधिक पैसे मोजू नयेत.