पाच हजार वर्षांपूर्वीची चूल

स्कॉटलंड म्हटलं की आपली गाडी एडिंबरा, लॉख नेस, फार तर स्काय बेटापर्यंत जाते आणि परत फिरते. मे अखेरच्या सुट्टीत आम्ही तीन कुटुंबांनी ठरवलं, की रस्ता संपेपर्यंत जायचं आणि मग बोटीत बसायचं. दोन गाड्या, पाच मुलं, पुण्याहून आलेल्या एक आजी, आणि दशम्या, चटणी, चिवडा यांचे डबे. मुक्काम : ऑर्कनी बेटं.

इन्व्हरनेसनंतर ए-९ रस्ता समुद्राच्या कडेकडेनं वर जातो. स्क्रॅब्स्टरला गाड्यांसकट बोटीत चढलो, की दीड तासात स्ट्रॉमनेस. वाटेत हॉय बेटाजवळ समुद्रात उभा असलेला साडेचारशे फुटांचा सुळका दिसतो. आम्हाला लिंगाण्याची आठवण झाली.

पहिला दिवस स्कारा ब्रे या वस्तीचा. १८५० साली मोठं वादळ झालं, किनाऱ्यावरची वाळू उडाली आणि खालची दगडी घरं उघडी पडली. पुढे १९२८ ते १९३० मध्ये गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं. ही वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० ते २५०० या काळातली, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडपेक्षाही आधी वसलेली. इथे झाडं कमी, पण दगडाच्या सपाट लाद्या मुबलक. त्यामुळे भिंतीच काय, पलंग आणि फडताळंही दगडाची, आणि म्हणूनच ती टिकली. थंडी-वारा अडवावा म्हणून घरं चक्क जुन्या उकिरड्याच्या ढिगात रोवून बांधलेली आहेत!

मूळ घरं वरच्या पायवाटेवरूनच बघायची असतात. पण शेजारी एका घराची हुबेहूब प्रतिकृती आहे, तिच्यात आत जाता येतं. आजी आत शिरल्या आणि भराभर सांगू लागल्या, "ही मधोमध चूल. दोन्ही बाजूंना निजायच्या जागा. दारासमोर मांडणी, म्हणजे आल्यागेल्याला भांडी दिसावीत. आणि दाराला आतून अडसर!" पाटीवर लिहिलेलं वाचायची मग गरजच उरली नाही. मुलांनी विचारलं, "आजी, तुम्हाला कसं माहीत?" त्या म्हणाल्या, "अरे, घर म्हणजे दुसरं काय असतं?"

ही माणसं गाव सोडून का गेली? वाळूच्या वादळात सगळे जीव घेऊन पळाले, असं चाइल्ड यांना वाटलं होतं. धावताना एका बाईची माळ तुटली आणि मणी वाटेत सांडले, असं चित्र त्यांनी रंगवलं. आताचे अभ्यासक म्हणतात की तसं नसावं. लोक हळूहळू, पिढी-दोन पिढ्यांत पांगले असावेत. हे ऐकून आम्ही मोठी माणसं जरा गप्प झालो. आमच्यापैकी दोघांची कोकणातली घरं आज कुलूपबंद आहेत. तिथूनही कोणी पळून गेलं नव्हतं. एक शिकायला गेला, एक नोकरीला, आणि चूल विझली.

दुसऱ्या दिवशी मेसहाव ही थडग्याची टेकडी पाहिली. सुमारे दहा मीटर लांब बोळातून वाकून जावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी विचार करावा. हिवाळ्यात सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास मावळतीचं ऊन थेट आत पोचतं. बाराव्या शतकात नॉर्स लोक आत शिरले आणि भिंतींवर आपली नावं नि फुशारक्या कोरून गेले. आपल्या गडांवर बदाम काढणाऱ्यांचे हे पूर्वजच म्हणायचे!

जवळच ब्रॉडगरचं दगडांचं वर्तुळ आहे. मूळचे ६० दगड असावेत, आता ३६ उरले आहेत. स्टेनेसला एक भोक असलेला दगड होता. त्यातून हात धरून जोडपी शपथ घेत. १८१४ साली एका शेतकऱ्यानं तो फोडून टाकला. लोक इतके खवळले की त्याचं घर जाळायचा प्रयत्न झाला.

माणसाचं नुकसान थांबलं, समुद्राचं नाही. १९२४ च्या वादळात स्कारा ब्रेच्या एका घराचा भाग वाहून गेला, म्हणून तिथे बांध घातला. १९९९ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे, पण लाटा तो फलक वाचत नाहीत. नेस ऑफ ब्रॉडगर इथलं वीस वर्षांचं उत्खनन तर २०२४ साली पुन्हा मातीनं झाकलं, कारण उघड्यावर तो दगड झिजतो. जपायचं म्हणून पुरायचं!

आता मुलांना पुण्याला नेऊ तेव्हा डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवायचं ठरलं आहे. घोडनदीकाठच्या इनामगावला याच संस्थेनं १९६८ पासून खोदकाम करून तीन हजार वर्षांहून जुनी शेतकऱ्यांची घरं शोधली. मातीची घरं, तशाच चुली, धान्याच्या कणग्या. आजी शिरूरकडच्या. त्या म्हणतात, "तिथलं मी पाटी न वाचताच सांगेन."

जाणाऱ्यांसाठी : बोटीचं आणि मेसहावचं बुकिंग आधी करा. मे-जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण वारा बोचरा, तेव्हा कानटोप्या विसरू नका. आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस बरोबर न्याच. त्याच्यासारखा गाइड नाही.