कर्जाची बातमी कशी वाचावी?

घरातले सोने गहाण पडले, की गावात लगेच कुजबुज होते. मग देशाचे सोने गहाण पडले तर?

१९९१ साली तसे घडले. बाहेरून तेल आणायला परदेशी चलन लागते. ते फक्त दोन-तीन आठवड्यांपुरते उरले. तेव्हा जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने तारण ठेवले. इंग्लंड आणि जपानच्या मुख्य बँकांकडून सुमारे ४० कोटी डॉलर कर्ज घेतले.

बातमी वर्तमानपत्रांत आली. लोकांना वाटले, घरच्या लक्ष्मीचे मंगळसूत्रच गहाण पडले! कोणी म्हणाले, "सरकारने उधळपट्टी केली. उद्योगधंद्यांवरचे निर्बंध काढा." कोणी म्हणाले, "देश परक्या सावकाराच्या दारात नेऊन बसवला." बातमी एकच. पण सांगणाऱ्याने जशी सांगितली, तसे ऐकणाऱ्याचे मत झाले. जसे मत बनते, तसेच माणूस मतदान करतो.

ते कर्ज त्याच वर्षी फिटले. हे कितीजणांना ठाऊक आहे? गहाणाची बातमी मनात राहते, फेडीची विसरते.

आणखी एक. सरकार म्हणजे आपले घर नव्हे. सरकार कर बसवू शकते, आपण नाही.

म्हणून मंडळी, कर्जाचा मोठा आकडा वाचून घाबरू नका, भुलूही नका. विचारा: कर्ज कोणाकडून घेतले? कशासाठी? उत्पन्न किती? फेड कधी? विहिरीसाठी काढलेले कर्ज वेगळे, वरातीसाठी काढलेले वेगळे.

बातमी दुसऱ्याने लिहिलेली असते. मत मात्र आपले असावे.