समन्वय करार, नाशवंत मालाचे
फळे, भाजीपाला इ. मालाचा पुरवठादार व किरकोळ विक्रेता यांच्यात, न खपलेल्या मालाची हानी कोणी सोसावी हे आधीच ठरविणारे करार. पावसाळ्याच्या तोंडावर येणारे बदलापूरचे जांभूळ एकदोन दिवसांतच नासू लागते. समजा, किलोमागे बागायतदाराचा खर्च २० रु. असून उल्हासनगरच्या दुकानदाराने ते ६० रुपयांस घेऊन १०० रुपयांस विकले. विकल्या किलोवर त्यास ४० रु. मिळतात, उरल्या किलोवर ६० रु. जातात, म्हणून तो हात राखूनच माल मागवितो. दोघांचा हिशेब एकत्र धरल्यास मात्र ८० रुपयांच्या लाभासमोर २० रुपयांचीच हानी असते. उरल्या किलोमागे ५० रु. परत देण्याचे ठरल्यास लाभ ४० रु. व हानी १० रु. दोघांच्याही वाट्यास सारखीच येते आणि मागणी योग्य पातळीस पोहोचते.

महाराष्ट्रात १९६३ च्या अधिनियमानुसार शेतमालाचा घाऊक व्यापार मुख्यतः बाजार समित्यांच्या आवारांत होई. २००६ मध्ये करार शेतीस वाट मिळाली, तर २०१६ मध्ये आवाराबाहेरील फळे-भाजीपाल्याचा व्यापार नियमनमुक्त झाला. खरी अडचण कायद्याहून मोजणीची आहे : फळ खपाअभावी नासले की हेळसांडीने, हे बागायतदारास कळत नाही. अंबरनाथ, उल्हासनगर यांसारख्या जवळच्या बाजारांत रोज थोडा माल धाडल्यास हा वाद बराच कमी होतो.