ओव्हरस्पीडचे चलान आले? दंड भरून विषय मिटतोच असे नाही

मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आणि लांबचा प्रवास जवळ झाला. रस्ता मोकळा दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. मग काही दिवसांनी मोबाईलवर ई-चलानचा मेसेज येतो. 'दोन हजार भरू, झालं' असे अनेकांना वाटते. पण मोटार वाहन कायद्यात या चुकीची किंमत फक्त पैशात मोजलेली नाही.

दंड किती?
समृद्धीवर कारसाठी कमाल वेग ताशी १२० किमी आहे. इतर रस्त्यांवर मर्यादा यापेक्षा कमी असते, घाटात आणि गावाजवळ आणखी कमी. तिथला फलक पाहूनच गाडी चालवावी. मर्यादा ओलांडली तर कलम १८३ लागते. कायद्यानुसार हलक्या वाहनाला १ हजार ते २ हजार, तर मध्यम व जड वाहनाला २ हजार ते ४ हजार रुपये दंड आहे. मालकाने ड्रायव्हरला वेगात गाडी पळवायला लावली, तर मालकावरही कारवाई होऊ शकते.

लायसन्स जाऊ शकते
दुसऱ्यांदा पकडले गेल्यास दंडासोबत लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये ओव्हरस्पीडसाठी किमान ३ महिने लायसन्स निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते. ज्याचे पोट पिकअप किंवा काळी-पिवळीवर चालते, त्याच्यासाठी ३ महिने म्हणजे अख्खा हंगाम गेला.

निलंबन असतानाही गाडी चालवली तर ३ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्या काळात अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई नंतर मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत जाते. शेत विकायची वेळ येते ती अशीच.

वेग आणि बेदरकारपणा
वेगासोबत इतरांच्या जिवाला धोका झाला, तर कलम १८४ लागू शकते. पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १ हजार ते ५ हजार दंड, किंवा दोन्ही. अपघातात कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती असेल तर प्रकरण पालकांवर येते. मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही.

गाडी विकली, चलान तुमच्या नावावर
चलान नोंदणीतल्या मालकाच्या नावावर निघते. बाजारात गाडी विकून नुसती सही केली आणि नाव बदलले नाही, तर पुढचे चलान जुन्याच मालकाच्या मोबाईलवर येते. राज्यातच विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

चलान चुकीचे वाटले तर?
आधी महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून फोटो, जागा, तारीख व वेग बघा. नंबरप्लेट दुसऱ्याच गाडीची असेल तर ॲपवर तक्रार करता येते. पटले नाही तर न्यायालयात बाजू मांडता येते. फक्त एका माणसाच्या अंदाजावरून ओव्हरस्पीडचा गुन्हा सिद्ध धरता येत नाही. यंत्राने मोजलेला वेग लागतो. मात्र मेसेजकडे दुर्लक्ष करून गप्प बसू नये. थकलेले प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. लोकअदालतीची नोटीस आली तर तिथे जाऊन तडजोडीने प्रकरण मिटवण्याची संधी असते.

फसव्या मेसेजपासून सावध
व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल आली तर ती उघडू नका. ती उघडली की फोनचा ताबा चोराकडे जाऊन बँक खाते रिकामे होऊ शकते. मेसेजमधल्या लिंकवर पैसे न भरता थेट सरकारी ॲपवर चलान आहे का ते तपासा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.