जीप ऐन वेळी का अडखळते?
पाणंदीतून डांबरी रस्त्यावर चढताना जुनी पेट्रोल जीप अ‍ॅक्सिलरेटर दाबताच क्षणभर गप्प होते. समोरून उसाची ट्रॉली येत असेल तर हा क्षण जिवावर बेततो.

दोष बहुधा कार्बोरेटरच्या अ‍ॅक्सिलरेटर पंपात असतो. थ्रॉटल एकदम उघडला की हवा आधी धावते, पेट्रोल मागे राहते. ती तूट हा पंप भरून काढतो.

इंजिन बंद व गार असताना एअर क्लीनर काढा, थ्रॉटल हाताने ओढा. पेट्रोलची चिळकांडी लगेच उडाली पाहिजे. नसेल तर जेट तुंबला किंवा पंपाचा पडदा गेला समजा. जेट धुऊन हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठे होते. चिळकांडी ठीक असल्यास बुडाचे गॅस्केट व इग्निशन टायमिंग तपासा. आणि हो, बिडी लांबच ठेवा!