परित्यक्ता व एकल स्त्रियांसाठी संक्रमणकालीन निवास : लोहारा तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
मराठी समाजात विवाहित स्त्रीची दोन घरे मानली जातात, माहेर आणि सासर. परंतु पतीने टाकलेल्या, हिंसाचारामुळे घर सोडावे लागलेल्या किंवा अकाली वैधव्य आलेल्या स्त्रीला यांपैकी एकाही घरात हक्काची जागा उरतेच असे नाही. सासरचे दार बंद होते आणि माहेरी ती 'बसलेली' ठरते. अशा स्त्रीला आश्रय देण्याची व्यवस्था कायद्याने व शासकीय योजनांनी केली आहे. मात्र आश्रय मिळणे आणि स्वतंत्र जीवन उभे राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधील काळात लागणारे घर म्हणजे संक्रमणकालीन निवास होय. या संकल्पनेचा मागोवा घेऊन लोहारा तालुक्यासारख्या ग्रामीण भागात तिचे स्वरूप कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
महाराष्ट्राला ही संकल्पना नवी नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. संकटात सापडलेल्या विधवेला सुरक्षितपणे बाळंत होता यावे, हा त्याचा हेतू होता. पुढे पंडिता रमाबाई यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन स्थापन केले. येथे निवासाला शिक्षणाची जोड मिळाली. केडगाव येथील त्यांच्या मुक्ती सदनात शेती, विणकाम, छपाई यांसारखी कामे स्त्रिया शिकल्या व करू लागल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि 1900 मध्ये तो हिंगणे येथे नेला. कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या पूर्वाश्रमीच्या बालविधवा व शारदा सदनाच्या विद्यार्थिनी होत्या, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

या संस्थांचे सामर्थ्य केवळ अन्न-वस्त्र पुरविण्यात नव्हते. आलेली स्त्री येथून बाहेर पडताना कोणते काम करील, कोणाच्या आधाराने राहील, हा प्रश्न त्यांनी तिच्या प्रवेशापासूनच विचारात घेतला होता. पुढील काळात 1988 मध्ये संगमनेर येथे झालेल्या परित्यक्ता परिषदेने टाकलेल्या स्त्रियांच्या प्रश्नाला सार्वजनिक व्यासपीठ मिळवून दिले. सिस्टर लुसी कुरियन यांनी 1997 मध्ये पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे 'माहेर' ही संस्था सुरू केली. तत्पूर्वी आश्रय मागण्यास आलेल्या एका गर्भवती स्त्रीला त्यांना 'उद्या ये' असे सांगावे लागले आणि त्याच रात्री पतीने तिला जाळले. या घटनेतून संस्थेचा जन्म झाला. आश्रयाच्या प्रश्नात एका रात्रीचा विलंबही किती घातक ठरतो, हे यावरून ध्यानात येते.

कायदेशीर व योजनात्मक तरतुदी :
कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला. त्याच्या कलम 17 नुसार सामाईक घरात राहण्याचा हक्क स्त्रीला आहे, मग त्या घरावर तिची मालकी असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात या हक्काचा व्यापक अर्थ मान्य केला. सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही सामाईक घर ठरू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. तथापि ज्या घरात मारहाण झाली तेथेच परत जाणे प्रत्येकीला शक्य नसते.

त्यामुळे आश्रयाच्या योजना महत्त्वाच्या ठरतात. 2015 पासून सुरू झालेल्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये साधारणतः पाच दिवसांपर्यंतचा तात्पुरता निवास मिळतो. स्वाधार गृह योजनेत हिंसाचारग्रस्त स्त्रीला एक वर्षापर्यंत, तर अन्य गरजू स्त्रियांना तीन वर्षांपर्यंत राहता येत असे. आठ वर्षांपेक्षा मोठ्या मुलग्यांना मात्र बालगृहात पाठवावे लागे. 2022 मध्ये मिशन शक्ती अंतर्गत स्वाधार व उज्ज्वला या योजना एकत्र करून 'शक्ती सदन' हे नाव देण्यात आले. नोकरदार महिला वसतिगृहांची 1972-73 पासूनची योजना 'सखी निवास' झाली.

या तरतुदींचा क्रम पाहिल्यास एक उणीव जाणवते. संकटाच्या दिवसांसाठी केंद्र आहे, काही महिन्यांसाठी सदन आहे, नियमित पगार असलेल्या स्त्रीसाठी वसतिगृह आहे. परंतु सदनातून बाहेर पडलेली, रोजंदारीवर जाणारी व पदरी मुले असलेली स्त्री कोठे राहणार, याचे उत्तर या साखळीत सापडत नाही.

लोहारा तालुक्याचा संदर्भ :
लोहारा हा धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय भागातील तालुका. येथील रोजगार प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर अवलंबून आहे. स्त्रीला येथे मजुरी मिळते ती ओळखीवर, म्हणजे टोळीतील सोबतिणी व नेहमीचे शेतकरी यांच्यामुळे. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा परजिल्ह्यात आश्रय घेतल्यास तिला सुरक्षितता मिळते, पण ही ओळख तुटते. मुलांची शाळा बदलते. शिधापत्रिकेवरील नाव सासरच्या कुटुंबातच राहते. अधिनियमाच्या कलम 27 नुसार तात्पुरत्या वास्तव्याच्या ठिकाणीही दावा दाखल करता येतो, ही सोय उपयुक्त आहे. परंतु मजुरी, शाळा आणि कागदपत्रे यांना अशी सोय नाही.

गावातच राहावयाचे तर खोली भाड्याने मिळविणे हा पहिला अडथळा ठरतो. 'एकट्या बाईला खोली नको' हे उत्तर सर्वश्रुत आहे. अनामत रक्कम, जामीन राहणारी व्यक्ती आणि वास्तव्याचा पुरावा या तिन्ही गोष्टी तिच्याजवळ नसतात. पुरावा नाही म्हणून खोली नाही आणि खोली नाही म्हणून पुरावा नाही, अशा कोंडीत ती सापडते. परिणामी अनेकदा हिंसाचाराच्या घरी परतणे हाच पर्याय तिच्यापुढे उरतो.

घर आणि स्त्रियांचा सहभाग यांबाबत या परिसराला स्वतःचा अनुभव आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरसह अनेक गावे उद्ध्वस्त झाली. लोक दीर्घकाळ पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. त्यानंतरच्या घरदुरुस्ती व मजबुतीकरण कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रयत्नांतून लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत गावोगावच्या स्त्रियांनी 'संवाद सहायक' म्हणून काम केले. घरमालकाला मिळणारे साहाय्य, बांधकामाचे तंत्र व हप्त्यांची माहिती त्यांनी घरोघरी पोचविली. ज्यांना घराच्या निर्णयात स्थान नव्हते त्या स्त्रिया बांधकामावर देखरेख करू लागल्या. निवासाच्या योजनेत स्थानिक स्त्रियांना कार्यकर्त्या म्हणून सामावून घेता येते, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

काही उपाययोजना :
1. तालुक्याच्या ठिकाणी मोठ्या आश्रमाऐवजी चार-पाच खोल्यांचे छोटे निवास असावे. आई व मुले वयाच्या अटीविना एकत्र राहावीत.
2. निवासाच्या पहिल्या महिन्यातच स्वतंत्र शिधापत्रिका, बँक खाते, रहिवासी दाखला आणि पात्र असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज ही कामे पूर्ण करावीत.
3. स्त्रीच्या कमाईतून अल्प भाडे घ्यावे व ती रक्कम पुढील खोलीच्या अनामतीसाठी तिच्याच नावे जमा करावी.
4. निवास सोडल्यानंतर किमान एक वर्ष बचत गटामार्फत संपर्क राखावा. खोलीसाठी गटानेच जामीन राहावे.
5. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाच्या अटीविना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. त्याची माहिती निवासातच द्यावी.

महाविद्यालयांचाही यात वाटा असू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून तालुक्यातील एकल स्त्रियांच्या निवासस्थितीची पाहणी करता येईल. त्यांची नावे व पत्ते गोपनीय ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण पत्ता उघड होणे हाच अनेकींच्या जीवावरचा धोका असतो.

समारोप :
आश्रयगृहाचे यश तेथील खाटांच्या संख्येवर मोजण्याची पद्धत रूढ आहे. किती स्त्रिया आल्या याची नोंद होते, बाहेर पडलेली स्त्री दोन वर्षांनी कोठे राहते याची सहसा होत नाही. फुले दांपत्य, रमाबाई व कर्वे यांच्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने ही दुसरी नोंद ठेवण्यास सुरुवात करावी. लोहाऱ्यासारख्या तालुक्यात तिचा प्रारंभ भाड्याच्या चार खोल्यांपासूनही होऊ शकेल.